पॅनशिवाय पान हलत नाही

जुलैत आमच्या सीएंनी संगणक माझ्याकडे वळवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हे ४३७ रुपये कुठले हो?" बराच वेळ डोकं खाजवलं तेव्हा उमगलं. एका जुन्या नोकरीत पगारासाठी उघडलेलं खातं! नोकरी गेली, पासबुक गेलं, पण व्याज इमानेइतबारे पडत राहिलं. मी विसरलो; आयकर खातं विसरलं नाही.

नोव्हेंबर २०२१पासून या खात्याने प्रत्येक करदात्याची अशी कुंडलीच मांडून ठेवली आहे. नाव वार्षिक माहितीपत्रक, बोलीभाषेत एआयएस. बचत खात्यात वर्षभरात १० लाख रोख भरले, ३० लाखांचं घर घेतलं, क्रेडिट कार्डाचं १० लाखांचं बिल फेडलं, की बँक आणि निबंधक आपणहून वर कळवतात. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस घेतला की सहलही कुंडलीत. विवरणपत्रात उत्पन्न ५ लाख आणि कुंडलीत स्वित्झर्लंड असा योग जुळला, की मोबाइलवर गोड संदेश येतो. खातं त्याला 'नज' म्हणतं. आपण कोपरखळी म्हणू.

या यंत्राची नजर घारीची, पण ती फक्त पॅनवर. पॅनशिवाय पान हलत नाही म्हणतात. पण फ्लॅटचे जे पैसे पिशवीतून हलतात, त्या पिशवीला कुठे पॅन असतो?

आणि जे उघड दाखवलंय, त्याचं काय? आमच्या वरच्या मजल्यावरच्या साहेबांच्या गावाकडच्या सातबाऱ्यावर 'पडीक' लिहिलंय. विवरणपत्रात मात्र तिथे दरवर्षी मेथीचं सोनं पिकतं, तेही करमुक्त. खरा शेतकरी बाजारात मेथीची जुडी फेकून रिकाम्या हाताने परततो, ते वेगळं. शेतीउत्पन्नावर सूट दिलेली जी प्रकरणं कॅगने तपासली, त्यांतल्या साडेबावीस टक्क्यांत पुरेशा कागदांची पडताळणीच झाली नव्हती, असं २०१९चा अहवाल सांगतो. तिथे यंत्राची गरज नव्हती. सातबारा मागायला तोंड पुरलं असतं.

असो. माझ्या ४३७ रुपयांवर सेससकट १३६ रुपये कर झाला. भरला.

साहेबांची मेथी यंदाही जोमात आहे. त्यांच्या गॅलरीतली तुळस मात्र पुन्हा वाळली.