ठसा

चौरंग करणं एक वेळ सोपं. तो आपणच केलाय हे कुणी न विचारता लोकांना कळवणं महाकठीण. जुन्या घराच्या चौकटीचं सागवान, त्यावर रंधा, कुसू-भोक जमवून पायांची जोडणी, वर पॉलिशचे हात. एवढं सगळं होऊनही कर्त्याचं नाव कुठंच नाही!

उपाय पुष्कळ असतात. पटाशीनं अक्षरं कोरावीत, सोल्डरिंगची कांडी तापवून सही करावी, चालू सालाचं नाणं खाचेत बसवावं. मला मात्र लोखंडी ठसाच हवा होता. तापवायचा, टेकवायचा, चर्र! मी लोहाराकडे पूर्ण नाव, आडनाव आणि पुढे 'निर्मिती' असा कागद घेऊन गेलो. अक्षरं उलटी कापावी लागतात आणि बारीक केली तर 'म'ची, 'व'ची पोटं जळून काळी होतात, हे त्यानं समजावलं आणि म्हणाला, "सर, दोनच अक्षरं ठेवा."

दोन तर दोन. वरच्या फळीवर मधोमध मारणार, तेवढ्यात बायको आली. "अवो, ह्याच्यावर सत्यनारायण बसन. देवाले काय तुमच्या नावावर बसवता?"

ठसा खालून मारला. तेव्हापासून घरी येणाऱ्याला मी चौरंग किती हलका आहे ते उचलून बघायला लावतो. उचलला, की उलटा करायला लावतो.

मेळघाटात राहून लाकडावरच्या खुणांचं वेड लागलं, यात माझा दोष नाही. इथला साग शिक्क्यांशिवाय हलतच नाही. तोडायचं झाड ठरलं की बुंध्याची साल तासून वनखात्याचा हातोडा बसतो, तोही अगदी खाली. झाड गेलं तरी खुंटावर खूण राहिली पाहिजे. तोडल्यावर लाकडाच्या तोंडावर पुन्हा हातोडा. मग नंबर, लांबी, गोलाई. मग परतवाड्याचा डेपो, लिलाव, आणि नेताना टीपी, म्हणजे वाहतुकीचा परवाना. फसवणुकीसाठी या हातोड्याची नक्कल केली तर १९२७च्या भारतीय वन कायद्याचं ६३वं कलम दोन वर्षांपर्यंत आत टाकतं. हे वाचून मी हरखलोच. नकलेला तुरुंग आहे, ती खरी खूण! माझ्या ठशाची कुणी नक्कल करावी म्हणून तो मी मुद्दाम ओट्यावर ठेवून पाहिला. कुणी भंगारवाल्यानंसुद्धा विचारलं नाही.

आमच्या सुताराला मी ऐटीत सांगितलं, की अठराव्या शतकात पॅरिसच्या सुतार-संघानं उस्ताद कारागिराला आपल्या नावाचा ठसा मारणं सक्तीचं केलं होतं. रंधा न थांबवता तो म्हणाला, "सर, खुर्ची मोडली का लोकं बराबर सुताराचं नाव घेतेत. चांगल्या खुर्चीले नाव कायले पाह्यजे?"

हसलो, पण राग आला. त्याचा नव्हे. लाकडावर सरकारचा हातोडा, दुकानातल्या टेबलावर कंपनीचं स्टिकर, आहेराच्या कपाटावर मामाचं नाव. ज्यानं घाम गाळला तो तेवढा गायब. जुनी चौकट सोडवली तेव्हा कुसवावर पटाशीनं मारलेल्या तीन रेघा निघाल्या होत्या. कुठलं कुसू कुठल्या भोकात, याची खूण. त्या अनाम सुताराची सही म्हणायची तर तेवढीच, आणि तीही सांध्याच्या आत.

कोरकू लोक गेलेल्या माणसासाठी सागवानी मुंडा कोरतात. वर सूर्य-चंद्र, खाली घोडेस्वार. मी पाहिलेल्या एकाही मुंड्यावर कोरणाऱ्याचं नाव नव्हतं. तिथं ते शोभतं; तो मान गेलेल्याचा. पण बैठकीतल्या दिवाणावर कोण गेलेलं असतं?

तेव्हा पुढचा दिवाण, देव्हारा, पाळणा, काय करवून घ्याल ते घ्या. पैसे चुकते करताना सुताराला खालच्या फळीवर नाव, गाव आणि साल लिहायला सांगा. लाजेल, नको म्हणेल, तरी लिहून घ्या. पेन्सिल त्याच्या कानावर असतेच.