एवढ्यात बसवून देतो की!

मराठवाड्यात घर बांधायला काढलेल्या माणसाकडं चार गुत्तेदार येतात. तिघं घाबरवून जातात, चौथा धीर देऊन जातो. हे चित्र त्या चौथ्याचं.

नांदेडला तरोडा नाक्याच्या पुढं असो की लातूरला बार्शी रोडच्या आत, प्लॉटवरच्या बाभळी तोडून कुणी चुन्याची फक्की मारली, की दुसऱ्या दिवशी सकाळी तो हजर. कुणी सांगितलं, कसं कळलं, काही पत्ता लागत नाही. पांढरा शर्ट, खिशात दोन मोबाईल, कानामागं पेन्सिल. मोटारसायकल लांब लावतो आणि चपला हद्दीबाहेर काढतो. "वास्तू हाय मालक, चपला घालून कसं यावं?" वास्तू अजून नकाशातसुद्धा नसते, पण नुकतेच रिटायर झालेले सर गहिवरतात. काकू तेवढ्या त्याच्या पायाखालच्या काट्यांकडं बघत असतात.

मग मोजमाप. टेप त्याला लागत नाही. पावलं टाकत एक चक्कर मारतो आणि सांगतो, "तीस बाय चाळीस. बाराशे." हे खरेदीखतात लिहिलेलंच असतं, तरी पावलांनी बरोबर आलं याचं सरांना केवढं कौतुक! त्यानंतर एक फोन. "हां, सरांचं काम हाय. घरचं समज. नफ्याचं नाव काढू नको!" पलीकडं कोण असतं, किंवा कुणी असतं का, हे विचारायचं नसतं.

घराणं मोठं. नांदेडात त्याचे वडील विष्णुपुरीच्या धरणावर होते, लातुरात किल्लारीच्या नव्या गावांच्या कामावर. असे वडील सांगणारे इतके भेटतात, की ते सगळे खरोखर कामावर असते तर विष्णुपुरी एका उन्हाळ्यात उरकली असती आणि भूकंपानंतरची ५२ गावं १९९३ च्या दिवाळीआधी राहायला गेली असती.

आधीच्या तिघांनी मटेरियलसह चौरस फुटाला १,८०० ते १,९०० सांगितलेलं असतं. एकानं तर दोन पानांचा तक्ता टाईप करून दिलेला असतो: खड्डा किती फूट, सिमेंट कुठलं, तोट्या कितीच्या. सरांनी तक्ता वाचलेला नसतो, खालचा आकडा वाचलेला असतो. चौथा खिशातून लग्नपत्रिकेचं पाकीट काढतो, पाठीमागं १,३५० लिहितो आणि खाली दोन रेघा ओढतो.

"एवढ्यात?"

"एवढ्यात बसवून देतो की!"

"पण बाकीचे तर..."

"बाकीचे काय म्हणायलेत ते मला माहीत हाय. त्यांना हपिस हाय, एसी हाय, इंजिनिअर हाय. त्याचा खर्च कुणाच्या बोडक्यावर? तुमच्या. माझं काय हाय? मी आन् माझी चार माणसं. वर खोल्या काढू, ट्यूशनची पोरं राहतील, भाड्यातच घर फिटंल."

"लोखंड?"

"सगळं आलं त्यात."

"वाळू?"

"आली की."

"आणि बाथरूमच्या टाइल्स?" हा प्रश्न काकूंचा.

"काकू, एकदा सगळं म्हणलं की सगळं आलं."

चौथ्याबद्दल एक गोष्ट मान्य केली पाहिजे. तो खोटं बोलत नाही. सगळं त्यात आलेलंच असतं. किती आलं, हे सरांनी विचारलेलं नसतं.

पहिली खबर जमिनीतून येते. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्यावरच पाया टेकवला तर भिंतीही तडकतात, म्हणून मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं. पाकिटावरच्या आकड्यात खड्डा चार फुटांचा धरलेला असतो. चार फुटांवर काळी. सहा फुटांवरही काळीच. "मालक, जमीन तुमची हाय, मी काय करू?" चार फुटांखालची खोदाई वेगळी, भराई वेगळी. आठव्या फुटाला मुरूम लागतो तेव्हा सर पेढे वाटायच्या बेतात असतात, आणि १,३५० ला पहिली शेपटी फुटलेली असते. दुसरी फुटते वाळूला. घाटांचे लिलाव झाले नाहीत, गोदावरीत वाळू आहे पण निघेना, म्हणून भावातला फरक मालकाचा.

लोखंडाची शेपटी मात्र कुणाला दिसत नाही. नकाशात कॉलमला चार सुती, म्हणजे १२ मिलीचे बार. साइटवर येतात तीन सुती, १० मिलीचे. फरक दोन मिलीचा. चष्मा लावूनही कळत नाही. पण १२ मिलीचा बार मीटरला साधारण ८८९ ग्रॅम भरतो आणि १० मिलीचा ६१७. म्हणजे तीस टक्के लोखंड गायब, आणि लोखंडाच्या जोरावर कॉलम जेवढं पेलतो त्यातलंही तेवढंच. सरांनी जन्मभर पोरांकडून वर्तुळाचं क्षेत्रफळ घोकून घेतलेलं असतं. व्यास थोडा घटला तरी क्षेत्रफळ वर्गाच्या हिशेबानं घटतं, हे न येणाऱ्याला त्यांनी बाकावर उभं केलेलं असतं. साइटवर त्यांना ते आठवत नाही. सहा इंचांवर पाहिजेत त्या रिंगा नऊ इंचांवर बांधलेल्या असतात, तर ते म्हणतात, "ओळीत मात्र छान आल्यात!"

इथं हसू जरा आवरावं लागतं. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती बुडवून दमून झोपलेल्या किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. नुसत्या मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि त्यांच्यावरचं माळवदाचं ओझं झोपलेल्यांच्या अंगावर आलं. हजारो माणसं गेली. पुनर्वसनात घरांना काँक्रीटचे आडवे पट्टे घातले गेले, आणि शाळेचं तोंड न पाहिलेला माणूसही "लिंटलला बँड घेतला का?" असं विचारायला शिकला. चौथ्याला हे पक्कं ठाऊक आहे. "बँड घेतो की मालक, तुमच्यासाठी डबल घेतो." डबल बँडमध्ये मिळून एका बँडचं लोखंड असतं.

एक अट मात्र तो पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगतो: पाणी मालकाचं. २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं ही अट बारीक नाही. काँक्रीटला निदान सात ते दहा दिवस ओलं ठेवावं लागतं. सर टँकर सांगतात आणि सकाळ-संध्याकाळ लुंगी खोचून स्वतः पाइप धरतात. चौथा खालून ओरडतो, "असा मालक बघितला नाही!" हे वाक्य त्यानं मनापासून म्हटलेलं असतं.

स्लॅबच्या दिवशी मजुरांना जेवण होतं आणि ठरल्याप्रमाणे ऐंशी टक्के रक्कम त्याच्या हातात पडते. दुसऱ्या दिवसापासून दोन्ही मोबाईल बंद. चौथा त्या वेळी दुसऱ्या एका प्लॉटच्या हद्दीबाहेर चपला काढत असतो. कारण सरांच्या ऐंशी टक्क्यांतले बरेचसे आधीच्या मालकाच्या प्लास्टरला गेलेले असतात, आणि सरांच्या प्लास्टरला आता पुढच्या मालकाची उचल यायची असते. त्याचा दर एवढा खाली का, याचं अर्धं उत्तर इथं आहे. त्याला तुमचं काम पाहिजे असतं त्याच्या आधी तुमची उचल पाहिजे असते.

सरकार या माणसाला चांगलं ओळखून आहे. निविदा अंदाजपत्रकाच्या फार 'बिलो' गेली, की सार्वजनिक बांधकाम विभाग गुत्तेदाराकडून जादा सुरक्षा ठेव मागतो. एवढ्या स्वस्तात करतोस? मग तुझे पैसे आधी आमच्याकडं ठेव. सर म्हणतात, एवढ्या स्वस्तात करतोस? मग माझे पैसे आधी तुझ्याकडं ठेव.

कमी दर सांगणारा प्रत्येक जण चौथा नसतो, हेही सांगायला पाहिजे. कुणाचं सेंट्रिंगचं सामान स्वतःचं असतं, कुणाचा भाऊच मिस्त्री असतो, कुणाचं शेजारच्या गल्लीत काम चालू असतं आणि माणसं रिकामी बसलेली असतात. शे-दीडशे रुपये खरोखर खाली येतात. पण असा माणूस आपण कुठं वाचवतो ते सांगतो. बारची जाडी, रिंगांचं अंतर, खड्ड्याची खोली, सगळं लिहून देतो आणि काम जेवढं वर येईल तेवढेच पैसे मागतो. चौथ्याला "लिहून द्या" म्हटलं की त्याचा चेहरा पडतो. "मालक, आपल्यात कागद आला का?" यावर सर एवढे ओशाळतात, की काकूंनी आणून ठेवलेला स्टॅम्पपेपर गादीखाली जातो.

शेवटचा हिशेब होतो तेव्हा पावलं टाकणारा हा माणूस पहिल्यांदाच टेप आणतो. छज्जे मोजतो, गॅलरी मोजतो, जिना खालून एकदा आणि वरून एकदा. दर १,३५० च राहतो, शब्दाचा पक्का माणूस, फूट वाढतात. खोदाई, वाळू, वाढीव माप धरून बेरीज केली तर घर तक्तेवाल्याच्या आकड्याच्या वर गेलेलं असतं. ही बेरीज सरांनी केलेली असते. वहीत, पेन्सिलनं, मग खोडून.

आणि चौथ्याचा खरा धंदा इथून पुढं सुरू होतो. त्याला बोर्ड लागत नाही, जाहिरात लागत नाही. सकाळी फिरायला गेलेल्या पेन्शनरांत कुणीतरी विचारतं, "सर, घर कितीत पडलं?"

"साडेतेराशे," सर सांगतात.

"काय सांगता! मटेरियलसह?"

"सगळं आलं त्यात."

"आणि माणूस कसा आहे?"

"माणूस लाखात एक. जरा मागं लागावं लागतं."

पैसे गेल्याचं दुःख सर पचवतात. पण चौघांत आपणच तेवढे हुशार निघालो, असं वर्षभर सांगितल्यावर ते परत कसं घ्यायचं? दीडशे माणसांनी साडेतेराशे ऐकलेले असतात. ऐकणारा तिथंच नंबर मागून घेतो आणि घरी जाऊन बाभळी तोडायला माणूस लावतो.

म्हणून चौथ्यानं केलेलं जुनं काम बघायचं असेल तर जरूर बघा, पण सर घरी नसतील अशा वेळी जा. काकू चहा टाकतात, तुम्ही कशाला आलात ते ओळखतात आणि चहा उकळेपर्यंत तुम्हाला बाथरूममध्ये घेऊन जातात. मगभर पाणी जाळीशेजारी ओततात. पाणी जाळीकडं ढुंकून बघत नाही, उंबरा ओलांडून थेट हॉलमध्ये निघतं.

"सगळं आलं म्हणला होता," काकू पोछा घेऊन मागं धावत सांगतात, "उतार तेवढा पाकिटातच राहिला!"