एक रुपयाही कमी होणार नाही

छापील किंमत ही बोलणी सुरू करण्यासाठी असते, एवढं एकच अर्थशास्त्र मी आयुष्यभर पाळत आलो. भोसरी एमआयडीसीत माझं छोटंसं वर्कशॉप आहे, जिग्ज-फिक्स्चर्स करतो. शंभर रुपयांचा जॉब असेल तर कोटेशन एकशे पंधराचं देतो. समोरचा पर्चेसवाला पंधरा कापणार हे मला माहीत असतं, मी पंधरा चढवलेत हे त्याला माहीत असतं, आणि त्याला माहीत आहे हे मला माहीत असल्याचंही त्याला माहीत असतं. तरी दर वेळी अर्धा तास आम्ही मन लावून भांडतो. मग तो साहेबाला सांगतो, पंधरा तोडले. मी घरी सांगतो, शंभर सोडले नाहीत. तुळशीबागेपासून टूलरूमपर्यंत जग याच रीतीनं चाललेलं आहे आणि म्हणूनच मला त्यात उभं राहता येतं.

अशा माणसाला २०२५च्या मे महिन्यात फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय आवडली.

आता या कंपनीचा कारखाना चाकणला आहे. ट्रॅफिकनं मनावर घेतलं नाही तर माझ्या वर्कशॉपपासून तासाभरात पोचता येतं. तिथे व्हर्टस बनते, टायगुन बनते, बोटीत बसून परदेशी जाते. मला मात्र आवडावी ती वोल्फ्सबुर्गला तयार होऊन उलट्या दिशेनं येणारी. दिसायला हॅचबॅक, सोसायटीचा वॉचमन तिला पोलोच समजणार. आत दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २६५ पीएस. शून्यावरून शंभरावर ५.९ सेकंदांत. आणि पहिल्या खेपेत अख्ख्या देशासाठी १५० गाड्या.

बुकिंग सुरू झालं ५ मेला. किंमत जाहीर होणार होती २६ मेला. छापताना तारखांची अदलाबदल झाली असावी, असं मला वाटलं. तसं काही नव्हतं. किंमत न विचारता माणसं पैसे भरत होती! बुकिंगची रक्कम २ लाख ६५ हजार ३७० रुपये. २६५ ही इंजिनाची ताकद, ३७० हा टॉर्क, दोन्ही शेजारी मांडून केलेला आकडा. (पुढच्या ऑर्डरला मीही स्पिंडलचा आरपीएम आणि टेबलाची लांबी जोडून ॲडव्हान्स मागून बघणार आहे.) शिवाय बुकिंगआधी जीटीआयवरची एक छोटी प्रश्नमंजुषा सोडवायची. पैसे आपले आणि परीक्षाही आपलीच. मी पहिली जीटीआय १९७६ची वगैरे सगळं पाठ केलं, मुलीला म्हणून दाखवलं, आणि किंमत कळेपर्यंत एक पैसा भरायचा नाही असं ठरवून स्वस्थ बसलो. २६ मेला किंमत कळली: ५३ लाख, एक्स-शोरूम. तोवर दीडशे जणांनी मला न विचारता निर्णय घेऊन टाकला होता.

खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. न मिळालेली गाडी फार परवडते. जूनमध्ये शोरूममधून फोन आला नसता तर मी आजही चारचौघांत ‘हुकली हो थोडक्यात’ म्हणत रुबाबात वावरलो असतो. पण फोन आला. एकाचं बुकिंग रद्द झालंय, लाल रंग आहे, तुम्ही चौकशी करून गेला होतात, दोन दिवसांत सांगा.

‘किती कमी होतील?’ मी सवयीनं विचारलं.

पलीकडचा मुलगा फार नम्र होता. ‘सर, यात काही होत नाही.’

‘बरं, मॅट?’

‘मॅट येतातच, सर.’

‘मडफ्लॅप?’

‘ॲक्सेसरीत आहेत, सर. लिस्ट पाठवू?’

त्यानं खरोखर पाठवली. प्रत्येक वस्तूपुढे किंमत, आणि एकाही किमतीवर खोडाखोड नाही. मला ५३ लाखांचं तितकं काही वाटलं नव्हतं. धाप लागली ती त्या स्वच्छ कागदानं. कुणी ५५ सांगून दोन तास घासाघीस करून ५३वर आलं असतं, तर तेच ५३ मी मिशीतल्या मिशीत हसत मोजले असते.

सीएनं पेन काढलं. महाराष्ट्रात परदेशातून तयार होऊन आलेल्या गाडीला रोड टॅक्स वीस टक्के. म्हणजे १० लाख ६० हजार. एवढ्यात आपल्याकडे एक नवीकोरी, घरचे पाच जण बसतील अशी गाडी येते. इथे तेवढ्यात फक्त नंबरप्लेट लावायची परवानगी. ‘फर्मच्या नावावर घेतली तर?’ मी विचारलं. ‘तरी वीसच,’ तो म्हणाला, आणि वर एक टक्का टीसीएस, वर विमा, असं करत तो जिथे पोचला तिथे मी त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं.

मेहुण्याचं म्हणणं वेगळं. त्याची तळेगावला प्लॉटमध्ये गुंतवणूक आहे, म्हणजे त्याला सगळं दुप्पट होताना दिसतं. ‘दाजी, ही गाडी नाही, ॲसेट आहे. आज कव्हर घालून ठेवायची. पाच वर्षांनी कव्हर काढायचं आणि बोलाल ती किंमत.’

‘आणि चालवायची कधी?’

‘चालवली की किलोमीटर वाढतात ना!’

थोडक्यात, २६५ पीएसचं इंजिन पार्किंगच्या १४ नंबरच्या खांबाशेजारी उभं करायचं आणि मी वर्कशॉपला ॲक्टिव्हावर जायचं.

मी पुरावे काढले. याच कंपनीनं २०१६ साली पोलो जीटीआय आणली होती. तीन दारं, ९९ गाड्या, किंमत पंचवीस लाखांच्या वर. मोटारवेड्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्याच वर्षी ती १९ लाख ९९ हजारांवर आली. म्हणजे ज्यांनी छापील किंमत मोजली ते दुर्मीळ गाडीचे मालक, आणि ज्यांनी कळ काढली तेही तितक्याच दुर्मीळ गाडीचे मालक, फक्त सहा लाखांनी जास्त श्रीमंत. हा दाखला मी मोठ्यानं वाचून दाखवला. मुलीनं लगेच दुसरा काढला: २०२०ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, २०० गाड्या, ३५ लाख ९९ हजार, सगळ्या खपल्या. ‘तेव्हा तुमच्यासारखे जे थांबले ते अजून थांबलेत, बाबा.’

माझ्यातला कारखानदार मात्र वेगळ्याच गोष्टीवर अडून बसला होता. कुणी माझ्याकडे पाचच नग मागितले तर मी रेट चढवतो, कारण मशीनच्या सेटिंगलाच दिवस जातो. पाच नगांचा रेट मला समजतो. पण गोल्फ जीटीआय तिकडे लाइनवरून उतरणारी नेहमीची गाडी आहे. पहिली जीटीआयसुद्धा पाच हजारच बनवायची असं ठरलं होतं. बनल्या साडेचार लाखांहून जास्त. आपल्याकडे येताना ती मर्यादित होते. तेही सरकारमुळे नव्हे, कारण इथल्या चाचण्यांच्या फेऱ्यात न अडकता वर्षाला २,५०० गाड्या आणायची मुभा २०१८पासून आहे. दीडशे हा आकडा कंपनीनं आपल्या हातानं लिहिलेला. एवढंच मागवायचं की दोन-चार माणसं शोरूमच्या बाहेर उरली पाहिजेत. मी उरलेल्यांपैकी होतो, आणि मला ती युक्ती पूर्ण कळत होती, आणि तरी रात्री दोन वाजता मी लाल रंग उन्हात कसा दिसतो याचे व्हिडिओ बघत होतो.

टंचाई म्हणजे काय हे आईला कुणी शिकवायला नको. वडिलांनी बजाज चेतकसाठी नाव नोंदवलं तेव्हा माझा जन्म झाला नव्हता. नंबर लागला तोवर मी स्कूटरच्या पुढ्यात उभं राहण्याच्या वयाचा झालो होतो. आकुर्डीचा कारखाना घरापासून सायकलच्या अंतरावर आणि स्कूटर वर्षानुवर्षं लांब, कारण लायसन्समध्ये लिहिलेल्या संख्येपेक्षा जास्त बनवायची कारखान्याला परवानगी नव्हती. स्कूटर घरी आली त्याच संध्याकाळी एक गृहस्थ दारात आले. किंमत अधिक रोख ‘ऑन’ द्यायला तयार. वडिलांनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. त्या ‘ऑन’च्या पैशात आईनं मनातल्या मनात पाटल्या घडवून घातल्या होत्या. त्या तिनं अजून उतरवलेल्या नाहीत.

‘छापील किमतीला देतायत ना?’ ती म्हणाली. ‘मग घे आणि संध्याकाळी विकून टाक.’

मी तिला वीस टक्के समजावून सांगितले. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, ‘तेव्हा सरकार रांगेत उभं करायचं. आता नुसती पावती फाडतं. सुधारणा आहे.’

तिला आतले फोटो दाखवले. जीटीआयच्या सीटा लेदरच्या नाहीत. चौकटी-चौकटीचं कापड आहे.

‘इतक्या पैशांत सोलापुरी चादर?’

मी सांगितलं की ही चौकट गुनहिल्ड लिल्येक्विस्ट नावाच्या डिझायनर बाईंनी पहिल्या जीटीआयला दिली, पन्नास वर्षं होत आली, जगभर लोक तिच्यावर जीव टाकतात. आईनं फोटो मोठा करून शिवण पाहिली. ‘काढून धुता येते का ते बाईंना विचार.’

राहता राहिला वेग. पुणे-मुंबई एक्सप्रेसवेवर वेगमर्यादा १००, आणि वर कॅमेरे. म्हणजे टोलनाक्यावरून सुटल्यावर ५.९ सेकंदांत माझं कायदेशीर सुख संपणार. पुढे मी आणि शेजारची वॅगन-आर, दोघे सारखे. ५३ लाख भागिले ५.९. सेकंदाला जवळजवळ नऊ लाख पडतात. मेहुणा म्हणाला, ‘पण दाजी, ते परत परत घेता येतात.’ घाटात कोंडी नसेल तर, आणि टोलनाके दोनच आहेत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ठरवलं. घ्यायची. एकही रुपया कमी न करता, जन्मात पहिल्यांदा, छापील किमतीला. घरात कुणी नसताना आरशासमोर सरावही केला, कारण ‘ठीक आहे’ म्हटल्यावर पुढे ‘पण बघा ना जरा’ हे माझ्या तोंडून आपोआप येतं. ते न येता वाक्य पुरं करायला जमेपर्यंत सात वाजले. फोन लावला.

मी काही बोलायच्या आत तो मुलगाच म्हणाला, ‘सर, मी साहेबांशी बोललो. गाडीत काही नाही, पण इन्शुरन्समध्ये थोडं ॲडजस्ट करता येईल. पंचवीस हजार.’

मी खाली बसलो. पंचवीस हजार म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही. पण कमी का केले? जी गाडी मिळत नाही तिच्यात कमी कसे होतात? आधीचा माणूस का हटला असेल? लाल जात नाही का? डोळ्यांसमोर सरळ २०१७ साल उभं राहिलं, सहा लाखांसकट. मेहुण्याला फोन केला तर त्याचाही आवाज खाली गेला. ‘कमी करतायत? मग दाजी, ॲसेट म्हणून अवघड आहे.’

‘ठीक आहे’ हे शब्द घशातच राहिले. मी परत फोन लावला आणि अगदी माझ्या नेहमीच्या आवाजात म्हणालो, ‘पंचवीसच का?’

‘सर?’

‘म्हणजे पंचवीस होतात, तर... बघा ना जरा.’

दोन दिवसांची मुदत उलटून गेली आहे. गाडी तिथेच आहे आणि मीही इथेच. काल सकाळपर्यंत पंचवीसाचे तीस झाले, मडफ्लॅप फुकट झाले, आणि आता बोलणी सीट कव्हरवर अडली आहेत. ती मागणी आईची आहे, आणि ती एक पाऊल मागे यायला तयार नाही.