कुहीच्या वाट्याला हर्ष नाही

आमच्या कुहीचा पिन कोड ४४१२०२. ही सहा आकडी योजना आखली श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसानं. १५ ऑगस्ट १९७२ ला ती लागू झाली. टपाल खात्याचं त्यावर भागतं. माझं भागत नाही, कारण मला देवळालीच्या द. रा. कापरेकर गुरुजींचा नाद लागलाय. गुरुजी शाळामास्तर, पण संख्या दिसली की तिची उलटतपासणी घेतल्याशिवाय सोडायचे नाहीत.

पहिली परीक्षा. अंकांच्या बेरजेनं जिला निःशेष भाग जातो, ती त्यांची 'हर्षद' संख्या. कुहीची बेरीज १३. भाग लावला, बाकी ८. शेजारच्या उमरेडचा पिन ४४१२०३, बेरीज १४. विषम संख्येला १४ नं भाग जायची सोयच नाही. म्हणजे हर्षाचाही अनुशेष! नागपूर जीपीओचा ४४०००१ घेतला. बेरीज ९, भागाकार ४८८८९, बाकी शून्य. जिल्ह्याला आलेला हर्ष नेहमीप्रमाणे नागपुरातच जिरला. समाधान एवढंच, की मुंबईचा ४००००१ आणि पुण्याचा ४११००१ हेही नापास. खुद्द देवळालीचा ४२२४०१ सुद्धा नापास. गुरुजींचा वशिला घरीही चालला नाही.

दुसरी परीक्षा वजाबाकीची. अंक उतरत्या क्रमानं लावायचे, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. चार अंकी संख्या, सगळे अंक सारखे नसतील तर, फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ वर येऊन थांबते. हा गुरुजींचा १९४९ चा शोध. कुहीचं काय? ४४२२१० उणे ०१२२४४, आले ४२९९६६. मग ७४९९४३, ६५२६४४, ४२०८७६. पुढं ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि परत ४२०८७६! सरकारी फायलीसारखं, सात टेबलं फिरून पुन्हा पहिल्याच टेबलावर.

शेजारचे काका कागदात डोकावले. "भाऊ, एवढ्यानं पार्सल लवकर येईन का?"

"काका, ४४१२०२ म्हणजे २ गुणिले ५९ गुणिले ३७३९. तिन्ही मूळ संख्या!"

"मंग?"

या 'मंग?'ला गणितात उत्तर नाही.

तरी तुम्ही आपल्या गावचा पिन घ्या, अंकांची बेरीज करा, भाग लावून पाहा. निःशेष गेला तर पेढे वाटा. बाकी उरली तर कुहीकरांच्या रांगेत या. जागा भरपूर आहे.