वांगी रंग

शाळेत चित्रकलेत मला कायम काठावरचे मार्क. तरी लाल अधिक निळा बरोबर जांभळा, एवढं पाठ होतं. त्या भांडवलावर मी बावन्नाव्या वर्षी तैलरंगांत उतरलो. बारा ट्यूबा, दोन सुऱ्या, जवसाचं तेल, टर्पेंटाइन सगळं आणलं आणि टेबलावर एक वांगं ठेवलं. भरताचं, तुकतुकीत. सुरुवात सोप्यापासून करावी म्हणून.

व्हर्मिलियन घेतला, प्रशियन ब्लू घेतला, सुरीने घोटला. पॅलेटकडे बघून आई म्हणाली, "गोठा सारवतोयस का?"

आई ब्याऐंशी वर्षांची. तिचं रंगांचं शिक्षण साड्यांच्या दुकानात, गादीवर बसून झालेलं. पुढचे तीन दिवस माझं जे जे मिश्रण फसलं त्याचं तिने बारसं केलं. पिवळ्यात काळा पडला, "शेवाळी." क्रिमसनमध्ये बर्न्ट सिएना गेला, "आमसुली." पांढऱ्यात तोच सिएना चिमूटभर, "बदामी. सुरेख आहे रे, पण बदामी वांगं कुठे मिळतं?"

रविवारच्या क्लासच्या सरांनी निदान केलं. व्हर्मिलियन पिवळ्याकडे झुकलेला लाल, प्रशियन हिरव्याकडे झुकलेला निळा. म्हणजे लग्न लाल-निळ्याचं, पण दोन्हीकडच्या वऱ्हाडात पिवळा न बोलावता आलेला. तिघे जमले की चिखल ठरलेला. जांभळा हवा तर क्रिमसन आणि अल्ट्रामरीन घ्यायचे. त्या दोघांचा ओढा आधीच एकमेकांकडे असतो. हे शाळेत सांगितलं असतं तर मी बँकेत गेलो नसतो, असं माझं मत आहे. ते घरात कुणाला मान्य नाही.

जांभळा झाला. आता वांग्यावरच्या चकाकीसाठी फिका जांभळा हवा. मी जांभळ्यात पांढरा घातला. अजून गडदच. आणखी घातला. खारट आमटीत पाणी ओतत जावं तसा ओतत गेलो. पांढऱ्याची अख्खी ट्यूब संपली आणि फिका जांभळा इतका झाला की त्यात भिंत रंगवून निघाली असती. उलटं करायचं असतं म्हणे: आधी पांढरा, मग त्यात गडद रंग सुरीच्या टोकावर येईल तेवढाच.

मधल्या काळात प्रशियन ब्लू फ्रिजच्या मुठीवर, रिमोटवर आणि माझ्या डाव्या कानावर पोहोचला होता. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातलं तेल हवेतला ऑक्सिजन घेत सावकाश घट्ट होतं. तोवर तो घरभर हिंडतो.

चौथ्या दिवशी आईने अल्ट्रामरीनची ट्यूब उचलली. "ही तर नीळ."

"आई, हा अल्ट्रामरीन. पूर्वी अफगाणिस्तानातून, बदख्शानच्या खाणींतून आलेला लाजवर्द कुटून करायचे. समुद्रापलीकडून यायचा म्हणून हे नाव. मग १८२८ च्या सुमारास गिमे नावाच्या फ्रेंच माणसाने तो कृत्रिम केला."

"केला असेल. नीळच आहे."

मी मुद्दाम शोधलं. कृत्रिम अल्ट्रामरीन स्वस्त झाल्यावर कपड्यांच्या निळीतही जाऊ लागला होता. आईला हे सांगितलं, तेव्हा ती तूरडाळ निवडत होती.

"सदरा पिवळट पडला की नीळ द्यायची. पिवळेपणा मरतो," ती म्हणाली. सरांनी याच गोष्टीवर आमचा दीड तास घेतला होता.

"आणि किती घालायची?"

"बादलीला थेंबभर. हात सैल सुटला की तुझे बाबा निळे होऊन ऑफिसात जायचे."

त्या दुपारी मी पांढरा आधी घेतला आणि जांभळा निळीसारखा घातला. थेंबभर. मग अजून अर्धा. सुरी फिरवता फिरवता चकाकी जमली, तिच्याखालचा गडद भागही जमला. मी पॅलेट आईसमोर धरलं. तिने चष्मा सारखा केला, पॅलेट खिडकीकडे वळवलं, पुन्हा बघितलं.

"हं," ती म्हणाली, "आत्ता वांगी रंग झाला."

मी ब्रश बुडवून टेबलाकडे वळलो. बशी रिकामी होती. स्वयंपाकघरातून भाजल्याचा खमंग वास येत होता.

"चार दिवस पडून होतं," आई म्हणाली. "सुकत चाललेलं."