हौदातले जावई

आमच्या परसातला हौद आम्ही बांधलेला नाही. घर विकत घेतलं तेव्हा तो घराबरोबर आला. काही घरांबरोबर जुना भाडेकरू येतो, तसा. आधीचे मालक विणकर होते आणि या हौदात रंगवलेल्या सुताच्या लड्या धुतल्या जात. सोलापूरच्या पूर्व भागात असा हौद असणं हे काही नवल नाही. आमच्या हौदाच्या एका कोपऱ्यात हातभर लांब लाल डाग आहे. वीस वर्षांत तो तारेच्या ब्रशने, चुन्याने, धुण्याच्या सोड्याने आणि निवृत्तीनंतर मिळालेल्या माझ्या सगळ्या रिकाम्या वेळाने घासून झाला. गेला नाही. पक्का रंग म्हणजे काय, हे मला चादरीपेक्षा त्या डागानं जास्त शिकवलं.

वीस वर्षं आम्ही त्या हौदात पाणी साठवलं. ज्या गावात नळ चार-पाच दिवसांआड येतो तिथं हौद ही शोभेची वस्तू नसते, ती मुदत ठेव असते. पुढे बोअर मारली, गच्चीवर टाक्या बसल्या आणि हौद रिकामा पडला. रिकामी जागा दिसली की आमच्या जावयांना काहीतरी सुचतं. गेल्या दिवाळीत ते पुण्याहून आले ते मांडीवर एक टम्म फुगलेली प्लॅस्टिकची पिशवी सांभाळत. आत थोडं पाणी, बाकी ऑक्सिजन आणि बोटभर लांबीचे सहा मासे. पांढऱ्या अंगावर केशरी-तांबडे ठिपके. एकाच्या पाठीवर दौत लवंडल्यासारखा काळा पट्टा.

"कोई आहेत, बाबा. जपानी."

शेजारचे मामा कुंपणाशी दात घासत उभे होते. "कोय? आंब्याची? आत्ता दिवाळीत?"

मी कोय आणि कोई यांतला फरक सांगितला. मामांनी पिशवी उन्हाकडे धरून, डोळे बारीक करून पाहिलं. पन्नास वर्षं मागावर काढलेला माणूस. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "रंग पक्का हाय का?"

प्रश्न दिसतो तितका भाबडा नव्हता, हे मला नंतर वाचताना कळलं. कोईचा रंग पाण्यावर, उन्हावर, खाण्यावर आणि वयावर बदलतो, फिका पडतो, कधी उडूनही जातो. आणि हा मासा मुळात शोभेचा नव्हेच. जपानातल्या निइगाताच्या डोंगरात भातशेती करणारे लोक हिवाळ्यात ताटात काहीतरी असावं म्हणून तळ्यात साधे काळपट कार्प पाळत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांतले काही रंगीत निपजले, आणि शेतकऱ्यांना ते खायचा धीर झाला नाही. १९१४ साली टोकियोच्या प्रदर्शनात ते मांडले गेले आणि जगभर गेले. आपल्या मंडईत सायप्रिनस म्हणून किलोवर मिळतो तो या घराण्यातलाच, नशिबात रंग नसलेला. जपानीत 'कोई'सारखाच उच्चार असलेला दुसरा एक शब्द आहे, त्याचा अर्थ प्रेम. ही माहिती मी घरात उत्साहानं सांगितली. ही म्हणाली, "मग हौद कोण घासणार आहे?"

जावई गेले, मासे राहिले. जाताना ते बजावून गेले: उन्हाळ्याच्या आत झाडं लावा, निम्म्याहून जास्त पाणी पानांनी झाकलेलं हवं. कारणं खरी होती. सोलापूरचा पारा मे महिन्यात चव्वेचाळीसला टेकतो, आणि पाणी जितकं तापतं तितका त्यात प्राणवायू कमी राहतो. शिवाय मासा कल्ल्यांवाटे पाण्यात अमोनिया सोडत असतो. पाण्यातले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि ते नायट्रेट झाडं पिऊन टाकतात. झाडं नसली तर ते शेवाळ पितं आणि हौदाचं मुगाचं कढण होतं. आमचं झालंच होतं.

म्हणून फेब्रुवारीत मी विजापूर रोडच्या बाजूला एका नर्सरीत गेलो. डाळिंबाची रोपं, गुलाब, शोभेचे ताड यांच्या मागे सिमेंटच्या चार कुंड्या होत्या. चौघींतही हिरवं पाणी आणि पाण्यावर पानं.

"हे काय?"

"कमळ."

"आणि ते?"

"ते पण कमळच. गुलाबी."

"आणि हे बारीक पानांचं?"

पोऱ्या थोडा थांबला. "ते लहान कमळ."

मी शाळेत छत्तीस वर्षं विज्ञान शिकवलंय. ज्या पानाला देठापर्यंत चीर असते आणि जे पाण्यावर पालथं पडून राहतं, ते कुमुदाचं. कमळाचं पान अखंड गोल, देठ बरोबर मध्याला चिकटलेला, आणि झाड मोठं झालं की पान पाण्यावर हातभर उंच उभं राहतं. त्यावर पाणी टाकलं तर पाऱ्यासारखं घरंगळतं. हे सगळं मला माहीत होतं. तरी त्या पोरानं इतक्या आत्मविश्वासानं "कमळ" म्हटलं की मी अडीचशे रुपये मोजून कुमुद घेतलं आणि घरी येऊन कमळ आणलं म्हणून सांगितलं. विकणाऱ्याचा आत्मविश्वास हा मालाचाच भाग असतो, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

जाता जाता त्यानं आणखी एक झाड दाखवलं. फुगीर देठ, तकतकीत पानं, मध्ये जांभळ्या फुलाचा तुरा, त्यातल्या एका पाकळीवर मोराच्या पिसासारखा पिवळा डोळा. "वीस रुपयाला एक. फॉरेनचं हाय." ती जलपर्णी होती. तिथून जवळच संभाजी तलाव, आमच्या तोंडी अजून कंबर तलावच. तो जलपर्णीनं असा माखलेला पाहिलाय की पाणी कुठंय ते विचारावं लागायचं. तलावातून जी काढायला पैसे मोजावे लागतात, ती कुंडीत घालून वीस रुपयाला विकायची, या व्यवहाराला मनोमन दाद देऊन मी तीन घेतली. तसा मी काही जगावेगळा मूर्ख नव्हे. दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालात आली ती असंच कुणाला तरी तिचं फूल आवडलं म्हणून. नंतर तिचं नावच 'बंगालची दहशत' पडलं.

संध्याकाळी कुंडी हौदात उतरवली. खाली विटांचा थर, वर कुंडी. पान पाण्याला लागलं की एकेक वीट काढायची. कुंडीत शेतातली काळी माती. पाणवनस्पतींना चिकट, जड माती लागते, आणि त्या बाबतीत सोलापूर श्रीमंत आहे. जलपर्णी नुसती सोडून दिली. हिनं हळदकुंकू वाहिलं. रात्री बॅटरी मारून मी दोनदा पाहून आलो. मासे कुंडीभोवती फिरत होते, नव्या सोसायटीत फ्लॅट पाहायला आल्यासारखे.

सकाळी कुंडी आडवी होती. पाणी चहाच्या रंगाचं. पानांच्या कडा दातऱ्या पडलेल्या, आणि तीन जलपर्णींची दाढी साफ भादरलेली; मुळं म्हणून काही उरलंच नव्हतं.

पाणी निवळल्यावर मी काठावर पालथा पडून पाहिलं. कोईच्या वरच्या ओठाला दोन्ही बाजूंनी मिशा असतात. त्या मिशांनी तो माती चाचपतो, मग तोंड नळीसारखं पुढे काढून मातीचा घास ओढतो, क्षणभर थांबतो, आणि फुस्सकन बाहेर टाकतो. आतलं हवं ते ठेवून घेतो. तांदूळ निवडणाऱ्या बाईची एकाग्रता. तोंडात दात नसतात. ते पार आत, घशात. त्यामुळे चेहरा कायम निरागस राहतो. अडीचशे रुपयांचं कुमुद घशात चिरडतानाही.

"जावयाचेच मासे," ही म्हणाली. "पुढ्यात येईल ते खाणार. आपण विचारायचं नाही, आणखी वाढू का एवढंच म्हणायचं."

मग माझं शिक्षण सुरू झालं. कुंडीच्या मातीवर खडी पसरायची, पण खडा माशाच्या तोंडापेक्षा मोठा हवा. बारीक खडी तो निवडून बाजूला ठेवतो. कुंडीवर दुधाचा क्रेट पालथा घालायचा, म्हणजे देठ भोकांतून वर येतात आणि थोबाड आत जात नाही. नवं झाड आणलं की पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्यात बुडवून धुवायचं, नाहीतर त्याच्याबरोबर गोगलगायी येतात. (माझ्या आल्या. त्या मात्र माशांनी खाल्ल्या नाहीत. ज्याची गरज, ते नेमकं जावयाला आवडत नाही.) पंप रात्री चालू ठेवायचा, कारण झाडंसुद्धा रात्री प्राणवायू घेतात आणि पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून आ वासतात. हे मला एका पहाटे वीज गेल्यावर कळलं. मी त्या दिवशी साडेचारपासून उजाडेपर्यंत तांब्यानं पाणी उंचावरून हौदात ओतत होतो. सिद्धेश्वराच्या पिंडीवरही मी एवढा वेळ अभिषेक केलेला नाही.

दूधवाल्यानं हे सगळं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी बरणीत ॲझोला घेऊन आला. लिंबाच्या सावलीत ताडपत्री अंथरलेल्या खड्ड्यात तो म्हशींसाठी वाढवतो. हे चिमुकलं नेचं आहे, पाण्यावर तरंगतं, पानांत राहणाऱ्या निळ्या-हिरव्या जिवाणूंच्या जोरावर हवेतला नत्र धरतं आणि आठवडाभरात दुप्पट होतं. "पैसे नको सर. म्हसरं खात्यात ते मासे खाणार नाहीत व्हय?" मी ओंजळभर हौदात टाकला. सकाळचा चहा संपायच्या आत ॲझोला संपला. दूधवाला म्हणाला, "म्हशीला दीस लागतो."

एप्रिलपर्यंत दीड-दोन हजार रुपये हौदात गेले. वरून शेडनेट ताणलं, त्यानं जे काम झाडं करणार होती ते बरंचसं झालं. आणि मग एका दुपारी वाचनात आलं की जपानमधले जातिवंत शौकीन कोईच्या तळ्यात झाडं लावतच नाहीत. खोल, उघडं तळं, बाजूला गाळणीची व्यवस्था, मध्ये फक्त मासे आणि त्यांचे रंग. हे मी हिला सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही.

तसं पाहिलं तर हे सगळं गावच तळी खोदणाऱ्यांचं. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी भक्तांना हाताशी धरून तळं खोदलं, ते अजून गावाच्या मध्यावर आहे. इंग्रजांनी १८७१ साली एकरुखचा तलाव पुरा केला, तो आमचा हिप्परग्याचा. १९८०मध्ये उजनी झालं. साडेपाचशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात माणसं पाण्याकडे नुसतं पाहत बसायलाही येतात, हे मला हौदाच्या काठावर कळलं. गल्लीतली पोरं यायची, बाया यायच्या, वायरमनसुद्धा आला. मामा रोज यायचे. त्यांना माशांत फार रस नव्हता. ते कुमुदाकडे पाहायचे.

मे महिन्यात एकदा त्यांनी विचारलं, "सर, तुम्ही ह्याला कमळ म्हणालाव ना?" आणि मी हो-नाही म्हणायच्या आत क्रेटच्या भोकातून वर आलेला एक देठ खुडला. दोन्ही हातांत धरून मधोमध मोडला आणि सावकाश दोन तुकडे लांब केले. काही झालं नाही. देठ मोडला, बस्स.

"हे कमळ न्हाई."

मामा पद्मशाली. त्यांच्याकडे सांगतात की मार्कंडेयांचे पुत्र भावनाऋषी यांनी कमळाच्या देठातल्या तंतूंचं वस्त्र विणून देवांना दिलं. विणकामाला सुरुवात तिथून. ही गोष्ट मी ऐकून होतो, पण तिची परीक्षा घेता येते हे माझ्या विज्ञानात कधी आलं नव्हतं. कमळाचा देठ मोडला की तुकडे सुटत नाहीत, मध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू ताणले जातात. म्यानमारमध्ये इन्ले सरोवरावर आजही असे देठ मोडून, तंतू मांडीएवढ्या पाटावर वळून सूत काढतात आणि बुद्धाच्या मूर्तीसाठी चीवर विणतात. एका वस्त्राला हजारो देठ लागतात.

"मग खरं कमळ कुठं मिळंल?" मी विचारलं.

उत्तर स्वयंपाकघरातून आलं. "देव्हाऱ्याच्या खणात बघा. लक्ष्मीपूजनाचे कमळगट्टे उरलेत पाच."

कमळाचं बी इतक्या टणक कवचाचं असतं की चीनमधल्या एका वाळलेल्या तळ्याच्या गाळात सापडलेलं सुमारे तेराशे वर्षांचं बी उगवल्याची नोंद आहे. आमचं तर सहा महिन्यांचंच. त्याचं एक टोक फरशीवर घासलं, आतला पांढुरका गर दिसेपर्यंत, आणि काचेच्या पेल्यात पाण्यात ठेवलं. पाचांपैकी तीन चौथ्या-पाचव्या दिवशी फुटले. हिरवा कोंब वाकडा होऊन वर आला, टोकाला पान सुरळी करून. मी ती रोपं हौदात लावली नाहीत. मी म्हातारा झालो असेन, वेडा नाही. जुन्या प्लॅस्टिकच्या टबात काळी माती भरून, हौदाच्या काठावर, माशांना दिसेल पण पोचणार नाही अशा जागी ठेवली. आता हौदात मासे आणि काठावर झाडं, असं आमचं तळं आहे. काळ्या पट्ट्याचा मासा एव्हाना वीतभर झालाय. टबाच्या बाजूला येऊन तो तोंड वर काढून उभा राहतो.

नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ निघतो. त्या सकाळी मामा नवं धोतर नेसून, नवं जानवं घालून कुंपणातल्या वाटेनं आत आले. टबात पहिलं पान पाण्याच्या वर उभं राहिलं होतं, ताठ, तळहाताएवढं. मामांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. मग पाण्यावर पिवळं पडत चाललेलं जुनं पान शोधून त्याचा देठ काढला, मोडला, आणि तुकडे दूर नेले.

निघाले. दहा-बारा तंतू, उजेडाकडे धरल्याशिवाय दिसू नयेत असे. मामांनी त्यातला एक बोटाभोवती गुंडाळला, अंगठ्यानं चोळला.

"काउंट किती असेल?" मी गमतीनं विचारलं.

मामा हसले नाहीत. बराच वेळ बोट डोळ्यांजवळ धरून उभे होते. "आमच्या मागावर चालला नसता," ते म्हणाले. मग त्यांची नजर हौदाच्या कोपऱ्यातल्या लाल डागाकडे गेली. "पण रंग बसंल का ह्यावर, सर?"

बाहेर गल्लीत ताशा सुरू झाला होता. ते तसंच बोट वर धरून, वाऱ्यानं तंतू उडू नये म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा करत, रथाकडे गेले.