टाकीवरचं बाळंतपण

"काकी, ओ काकी! जरा गडग्याकडे या. आमच्या बागेच्या टाकीवर फांदी वाकलीय ना, तिच्या पानांवर कोणीतरी साबणासारखा फेस थापलाय. काठीनं पाडणारच होते."

"हात लावशील तर बघ! मलबारी उडत्या बेडकीची अंडी आहेत ती."

"बेडकी नि उडते?"

"पंख नाहीत गो. चारी पंजांच्या बोटांमध्ये लाल-नारिंगी पडदे असतात. झाडावरून झेप घेतली की बोटं फाकवायची नि तरंगत खाली. नऊ-दहा मीटरसुद्धा जाते म्हणे. आमचा पुतण्या पावसाळ्यात पर्यटकांना रात्री बॅटरी घेऊन फिरवतो, त्याला विचार. सह्याद्रीबाहेर ही जगात कुठे नाही. १८७० साली जर्डन नावाच्या इंग्रज डॉक्टरानं तिची नोंद केली."

"मग मला कशी कधी दिसली नाही?"

"दिवसा हातपाय पोटाशी घेऊन पानाला चिकटते. पाठ हिरवीगार, पोट पिवळट, लाल पडदे मुडपलेले. दिसणार काय? रात्री मात्र किडे, पतंग, नाकतोडे, जे पुढ्यात येईल ते गट्टम. नि गिळताना डोळे मिटते बघ. चवीनं नव्हे हो, डोळ्यांचे गोळे आत दाबून घास घशाखाली ढकलते!"

"अगो बाई! आणि नवरा?"

"तिच्याहून लहानखुरा. तिच्या पाठीवर बसून येतो. अंगातून पाझरलेला द्रव मागच्या पायांनी घुसळून फेस करायचा, त्यात अंडी घालायची, वर पानं ओढून घ्यायची, सगळं तिनंच. फेस वरून सुकतो, आत ओल राहते. काही दिवसांनी पिल्लं टपाटप खाली पाण्यात."

"पण टाकी तर उद्या रिकामी करून घासायची आहे!"

"आणि पिल्लं कोरड्या सिमेंटवर पडू देत? पाऊस सरेपर्यंत राहू दे. तीच शेवाळ खातील, तुझं घासणं वाचेल."

"ह्यांना काय सांगू? ब्लीचिंग पावडर आणून बसलेत."

"सांग, दारात बाळंतीण आहे. तुझी नणंद बाळंतपणाला चार महिने राहिली, तेव्हा कुठे त्यांना साफसफाई आठवली होती?"